मनोऱ्यातल्या म्हातारीचं मिशन

चष्मेवाली आणि तिचा थोरला भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, तरी दर रविवारी दुपारभर एकाच टेबलाशी बसून भांडत होते. हे जमायचं ते खेळामुळे. टेबलावर ती 'घार' असायची आणि तो बाकी सगळं जग असायचा. घारीने जगाला शिव्या घातल्या तर त्यात बहीण-भावाचं काही नव्हतं.

खेळ साधाच. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, चौथ्याने सूत्रधार व्हायचं. समोर काय आहे ते सूत्रधार सांगणार, आपण काय करतो ते बाकीचे सांगणार, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. त्यांचं शहर विजेचं होतं. कंपन्यांचे मनोरे ढगात घुसलेले, मालकांच्या खुर्च्यांवर ड्रॅगन बसलेले, यक्षांच्या कवटीत चिपा आणि तारांमधून पळणारे मंत्र. त्या शहरात घार गाडी चालवायची आणि चोऱ्यांचे बेत आखायची. दातवाला पोलादी जबड्याचा राक्षस व्हायचा. शिकवण्या घेणारी मास्तरीण तारांत मंत्र सोडायची. केस पिकायला लागलेली माणसं रविवारी असलं खेळतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी आपण रविवारी काय करतो ते सांगावं.

बैठक दातवाल्याच्या कारखान्यात. त्याचा धंदा कवळ्यांचा. भिंतीवरच्या फळ्यांवर गावभरच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे, गॅसच्या शेगडीवर मेणाचं भांडं, आणि सगळीकडे पांढरी भुकटी. ती बसायच्या आधी खुर्चीवरून झटकावी लागायची आणि उठल्यावर कपड्यांवरून. खेळाला सोंगट्या विकत कोण आणणार, म्हणून मनोऱ्यांवरचे पहारेकरी म्हणजे हेच साचे. कोणाचे वरचे दात दारावर उभे, कोणाचे खालचे गच्चीवर.

नियम मोजकेच होते पण कडक. एका रविवारी फक्त बेत आखायचा, पुढच्या रविवारी खेळायचा. टेबलावर बोललं ते झालं, शब्द मागे घ्यायचा नाही. फासा टाकल्याशिवाय साधी खिडकीसुद्धा उघडायची नाही. आणि खेळताना सगळ्यांचे फोन कवळ्यांच्या ट्रेमध्ये.

बेत आखावा तर घारीनेच. हे सूत्रधार झालेला तिचा दादाही मानायचा, म्हणजे दात-ओठ खात मानायचा. तो ड्रॅगन होऊन गुरगुरायचा, तिजोऱ्यांना सापळे लावायचा, आणि ती नेमकी पहारेकऱ्यांच्या चहाच्या वेळेला आत शिरून निघून जायची. अलीकडे त्याचे ड्रॅगन जरा जास्तच गुरगुरायला लागले होते. मागे एकदा ड्रॅगन म्हणाला होता, "घारीला घरटं नाही, पिल्लू नाही, म्हणून दुसऱ्याच्या अंड्यावर बसते." त्यावर घार म्हणाली होती, "ड्रॅगनला शेपूट लांब आहे, पण कोणाच्या उशाशी बसायला कधी वळत नाही." मास्तरणीने तेव्हा घाईघाईने फासा टाकला होता, कशासाठी ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

भांडण आईवरून होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गावातले सगळे नंबर तिला तोंडपाठ असायचे. आता स्वतःच्या लेकीचं नाव आठवत नव्हतं, पण ड्युटी आठवत होती. सकाळी उठली की केसांना लावायचा प्लास्टिकचा पट्टा डोक्यावर चढवायची, एक टोक कानाशी आणायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लोकांना लाईन जोडून द्यायची. चष्मेवाली तिच्याजवळच राहायची, दिवसा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची आणि जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायची. आई एकदा पायात काही न घालता चौकापर्यंत गेली होती. त्यानंतरचं हे कुलूप.

"तू आईला कोंडून ठेवतेस," दादा म्हणाला होता.

"मग तू येऊन बस तिच्यापाशी," ती म्हणाली होती.

दादा बसायला आला नाही, न्यायला आला. चष्मेवाली दुकानात होती, आणि घराची एक किल्ली तेव्हा त्याच्याकडे असायची. त्याने आईला दंडाला धरून उठवलं, तर आईने खुर्ची दोन्ही हातांनी धरून अशी किंकाळी फोडली की अख्खी इमारत जिन्यात जमा झाली. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. सख्ख्या मुलाला आईच्या दारात आपलं ओळखपत्र दाखवावं लागलं. त्याच दिवशी चष्मेवालीने कुलूप बदललं, आणि बोलणं संपलं ते तेव्हापासून.

तर त्या रविवारी दादा दलालाच्या आवाजात म्हणाला, "काम आहे." नवं मिशन असंच सुरू व्हायचं. दलाल सांगणार, घार अट घालणार.

"बोल," घार म्हणाली.

"नदीपलीकडच्या जुन्या मनोऱ्यात एक म्हातारी मांत्रिक आहे. एके काळी शहराचे सगळे मंत्र तिच्या हातातून जायचे. आता तिचं डोकं विझत आलंय. एक राखणदारीण तिला आत ठेवते आणि बाहेरून कुलूप घालून हिंडते. म्हातारीला बाहेर काढायचं. ओरखडा येता कामा नये."

"राखणदारीण कशी आहे?"

"सापाच्या कातडीची. शहाणी समजते स्वतःला."

"असल्या बाईला मनोऱ्यावरून उलटं टांगलं पाहिजे," घार म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

मास्तरणीचा कप ओठांपाशी थांबला. तिने दातवाल्याकडे पाहिलं. दातवाल्याने हातातली कवळी कानशीने घासायला घेतली, वास्तविक ती घासून झालेली होती.

इतकं ढळढळीत समोर असताना चष्मेवालीला कळलं कसं नाही, असं कोणीही विचारेल. नाही कळलं. घरी जे चालायचं त्याला ती कोंडणं म्हणतच नव्हती, ती त्याला सांभाळणं म्हणायची. शिवाय टेबलावर ती सोडवणाऱ्यांच्या बाजूची होती, गेली कितीतरी वर्षं. माणसाला एकदा त्या बाजूला बसायची सवय लागली की दुसरी खुर्ची आपली असू शकते हे डोक्यात येत नाही.

"कुलूप कसं उघडायचं?" दातवाला म्हणाला. "मी दार उपटतो."

"उपटायचं कशाला? असल्या बाईकडे दुसरी किल्ली असतेच. पहिली हरवेल या भीतीने तिचा जीव सारखा टांगणीला असतो. आणि दुसरी किल्ली ती बाहेरच ठेवणार." घारीने मनोऱ्याच्या जिन्यावर बोट ठेवलं. "पायपुसण्याखाली नाही, तिथे चोर पहिल्यांदा बघतो. जिन्यात आगीसाठी वाळूची बादली आहे का?"

दादाने जरा वेळ घेतला. "आहे," तो म्हणाला.

"तिच्यात. लोक तिच्यात थुंकतात, विड्यांची थोटकं टाकतात. त्यात हात कोण घालतो?"

"बरं. आत गेलात. म्हातारी खुर्चीत बसलेली आहे. हात लावला की तिच्या अंगातला मंत्र फुटतो, शिट्टीसारखा. सगळे पहारेकरी धावत येतात."

"खांद्यावर टाकून पळतो," दातवाला म्हणाला.

"शिट्टी वाजली."

"झोपेचा मंत्र," मास्तरीण हळूच म्हणाली.

"तिच्यावर मंत्र चालत नाही."

घार हसली. तिला असे पेच आवडायचे, आणि हा तर हातचा मळ होता. "तुम्ही सगळे तिला ओझं समजून उचलताय. ती पहाऱ्यावर बसलीय. डोकं विझलं तरी नोकरी विझत नाही. जागा कशी सोडेल ती? तिला सांगायचं, बाई, तुमची ड्युटी संपली, मी बदलीवर आले. हात पुढे करायचा नाही. खुर्चीच्या बाजूला नुसतं उभं राहायचं. तिची ती उठेल आणि तुमच्यामागे चालत येईल."

मेण उकळत होतं, तरी शेगडी कोणी बंद केली नाही.

"बाजूला म्हणजे?" दादाने विचारलं. हा आवाज दलालाचा नव्हता, ड्रॅगनचाही नव्हता. "डाव्या की उजव्या?"

"डाव्या. उजव्या हातात वायर असते," चष्मेवाली म्हणाली.

पुढच्या रविवारी ती घरून निघाली तेव्हा आई खुर्चीत होती, पट्टा डोक्यावर होता, आणि कोणा डॉक्टरांना होल्ड करायला सांगणं चाललं होतं. तिने कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. खाली उतरताना वाळूची बादली लागली. तिने मान वळवली नाही. सवयीच्या वस्तूकडे कोण बघतं?

खेळ सुरू झाला तेव्हा तीन फोन ट्रेमध्ये पडले. चौथा दादाने मांडीवर ठेवला. "घरून फोन यायचाय," तो दातवाल्याला म्हणाला. दातवाल्याने खालची कवळी वरच्या कवळीवर बसवून पाहिली.

घारीने गाडी मनोऱ्यामागच्या गल्लीत लावली. फासा उचलला, तर दादा म्हणाला, "नको. लागली." ती जिन्याने चढली. "नको. चढलीस." हे नवंच होतं. हा माणूस दाराची कडी काढायलासुद्धा फासा मागायचा, आणि आज दारं लोण्यासारखी उघडत होती. पहिल्यांदा तिला वाटलं, हरला बिचारा, आपल्या बेताला तोड सापडली नाही म्हणून आटपतोय. छाती जराशी फुगलीसुद्धा. नियमाबाहेरचं काही आपल्या फायद्याचं असलं की आपण सगळेच जरा उशिरा कुरकुरतो.

मांडीवरचा फोन गुरगुरला. दादाने खाली पाहिलं. "किल्ली मिळाली," तो म्हणाला.

"मी अजून बादलीत हात घातला नाही."

"घातलास समज."

परत फोन गुरगुरला. "कुलूप उघडलं. तू आत आलीस. म्हातारी खुर्चीत आहे. तू तिच्या डाव्या बाजूला उभी राहिलीस." दादा आता तिच्याकडे बघतच नव्हता. नुसतं वाचत होता. "म्हातारी विचारते, लाईन कोणाकडे देऊ?"

चष्मेवालीने हातातला फासा खाली ठेवला. लाईन कोणाकडे देऊ, हे वाक्य त्या विजेच्या शहरातलं नव्हतं. ते तिच्या घरातलं होतं, खिडकीजवळच्या खुर्चीतलं, दिवसातून शंभरदा कानावर पडणारं. तिने टेबलाकडे पाहिलं. मनोरा, जिना, दारावर उभे कोणाचे तरी वरचे दात. आणि जिन्यात, ठसे घ्यायच्या मातीची, दादाने स्वतः वळून ठेवलेली इवलीशी बादली.

"दादा," ती म्हणाली, "वहिनी कुठे आहेत?"

टेबलावर बहीण भावाशी बोलली, असं कितीतरी दिवसांत पहिल्यांदा झालं होतं. दातवाल्याने कानस खाली ठेवली.

"तुझी चाल आहे, घार," दादा म्हणाला.

"वहिनी कुठे आहेत, विचारतेय मी."

"जिथे तू पाठवलीस तिथे. बादली तू दाखवलीस, बदली तू शिकवलीस. बोललं ते झालं, नियम माझा एकट्याचा नाही."

"चोर आहेस तू."

"मी चोर आणि तू कोण? आईला कपाटातल्या साड्यांसारखी कुलपात ठेवणारी. तुझ्याच तोंडाने म्हणालीस, उलटं टांगलं पाहिजे. मी तर नुसतं दार उघडलं."

ती मास्तरणीकडे वळली. "तुला कळलं होतं?"

मास्तरणीने मान खाली घातली. "मला वाटलं, तू मुद्दाम सांगतेयस. तोंडाने म्हणवत नाही म्हणून घारीकडून म्हणतेयस, घेऊन जा तिला. मला वाटलं, दमलीस तू."

हे तिला ड्रॅगनच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त झोंबलं. ती उत्तर देणार, तोच फोन वाजायला लागला. या वेळी गुरगुरणं नव्हतं, घंटी होती. दादाने उचलायच्या आत तिने तो त्याच्या मांडीवरून ओढून घेतला. वाटेत मनोरा आडवा झाला आणि पहारेकऱ्यांचे दात जमिनीवर पडून फुटले.

"अहो, आल्या," वहिनीचा आवाज आला. धापा टाकत होती, पण खुशीत. "स्वतःहून उठल्या बघा. हातसुद्धा लावला नाही मी. जिन्यात आहोत, गाडी खाली उभी आहे."

फोन स्पीकरवर होता, तिच्या मागून आईचाही आवाज आला. "आज सुट्टी लवकर झाली, नाही का हो बाई? बाहेर ऊन छान आहे."

आईचा असा आवाज चष्मेवालीने कधी ऐकला होता शेवटचा? आई मजेत होती. हे तिला ऐकू आलं नाही असं नाही. ते ऐकूनच तिच्या डोक्यात रक्त चढलं. माझ्याकडे असताना कधी ऊन छान नव्हतं ते. तिने फोन तोंडाशी नेला, गळा जाड केला आणि एक्स्चेंजमधल्या बाया ज्या स्वराला टरकून असायच्या त्या स्वरात म्हणाली, "सुपरवायझर बोलतेय. बदली रद्द. परत जागेवर जा. जागा सोडू नका."

 मग आई म्हणाली, "हो, मॅडम." मग चपलांचे आवाज, जिना चढण्याचे. वहिनी म्हणत होती, "आई, अहो आई, थांबा, पडाल." आणि मग ती किंकाळी. फोन टेबलावर ठेवला तरी अख्ख्या कारखान्यात ऐकू येत होती.

दादाचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता. "शाब्बास," तो म्हणाला. "जिंकलीस."

तिने ट्रेमधून आपला फोन उचलला आणि निघाली. कपड्यांवरची पांढरी भुकटीही तिने झटकली नाही.

घराचं दार सताड उघडं होतं. वहिनी जिन्यात बसली होती. दंडावर नखांचे लाल ओरखडे, एका चपलेचा पट्टा तुटलेला. शेजारपाजारचे दरवाजे बोटभर उघडे होते, प्रत्येक फटीत एकेक डोळा.

"तुमचीच युक्ती होती, वन्सं," वहिनी म्हणाली. "माझ्या मनात तरी नव्हतं असलं काही. त्यांनी सांगितलं, तिनेच सुचवलंय."

"किल्ली द्या."

वहिनीने किल्ली फरशीवर ठेवली. हातात दिली नाही. "गाडीत बसेपर्यंत गाणं म्हणत होत्या त्या," ती म्हणाली, आणि तुटकी चप्पल ओढत उतरून गेली. गाडीपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या, पण हे खोटं चष्मेवालीने तपासून पाहिलं नाही. तिला ते खरं वाटलं, आणि वहिनीला तेच हवं होतं.

आई खुर्चीत होती. पट्टा डोक्यावर, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात गच्च धरलेले. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आई, मी आले."

"लाईन बिझी आहे."

तिने दार लावलं, पाणी आणलं. आई प्यायली नाही. थोड्या वेळाने तिने रोजच्यासारखी डाव्या बाजूची जागा घेतली आणि म्हणाली, "बाई, तुमची ड्युटी संपली. मी बदलीवर आले."

आईने तिच्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. "बदली रद्द आहे. मॅडमनी सांगितलंय."

"आता मंजूर झाली."

"मला फोनवर सांगितलंय. फोनवर सांगा."

चष्मेवाली आतल्या खोलीत गेली. आईच्या खुर्चीशेजारच्या जुन्या फोनवर तिने आपल्या फोनवरून रिंग दिली. आईने रिसीव्हर उचलला तो झटक्यात, हातात अजून तीच सफाई होती. "सुपरवायझर बोलतेय," चष्मेवालीने गळा जाड करून सांगितलं. "बदली मंजूर. जागेवरून उठा."

आईने ऐकून घेतलं. रिसीव्हर हळूच खाली ठेवला. मग बाहेरून तिचा आवाज आला, शांत, ऑफिसातला. "मघाशी रद्द म्हणणारी हीच. आता मंजूर म्हणणारीही हीच. आवाज ओळखता येतो मला, जन्म गेलाय त्यात. ही बाई खोटं बोलते."

इतक्या महिन्यांत आईने तिला पहिल्यांदा ओळखलं होतं, ते हे असं.

दुपार उतरली, खिडकीतलं ऊन गेलं. आई जेवायला उठली नाही, मोरीत जायला उठली नाही. चष्मेवालीने एकदा काखेत हात घालून पाहिलं, तर ती किंकाळी आली आणि शेजारच्याने भिंतीवर मूठ आपटली. मग खुर्चीखाली पाणी ठिबकायला लागलं. आईने ते पाहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली. जागा सोडली नाही. ती लाज बघवेना चष्मेवालीला. तिने फडकं आणलं, आईच्या पायांशी बसून फरशी पुसली आणि पुसता पुसता रडली, रागाने रडली. दादावर, वहिनीवर, मास्तरणीवर, आणि आपल्या त्या हुशार घारीवर.

"आई, उठ गं. हवं तर मार मला, पण उठ."

"मघाची बदली बोलवा," आई म्हणाली. "ती चांगली होती. बाजूला उभी राहिली, ओढलं नाही. ती आली तर उठते मी."

फोन लावायला तिला बराच वेळ लागला. दादाने उचलला. तिने तोंड उघडलं तर आधी घारच जिभेवर आली. काम आहे, असं म्हणून टाकावं, म्हणजे बहिणीला काही मागावं लागणार नाही. तिने ते गिळलं.

"आई उठत नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"वहिनींना पाठव."

"पाठवली होती."

"परत पाठव, दादा."

त्याने तिला थांबवून ठेवलं. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता. "बॅग भरून ठेव," तो शेवटी म्हणाला. "रोज तुझ्या दारात तमाशा करायला येणार नाही मी. आई उठली तर माझ्याकडे येणार, आणि माझ्याकडेच राहणार. कबूल असेल तर येतो."

तिने खुर्चीकडे पाहिलं. आई हलक्या आवाजात कोणाला तरी सांगत होती, होल्ड करा, होल्ड करा, आणि तिचे गुडघे थंडीने थरथरत होते.

"कबूल," चष्मेवाली म्हणाली. टेबल नसलं तरी बोललं ते झालं.

ती दोघं आली तेव्हा बॅग दाराशी होती. दादा उंबऱ्याच्या आत आला नाही. वहिनी आली, दंडाला पट्टी बांधलेली. तिने चष्मेवालीकडे पाहिलं नाही. सरळ जाऊन खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

"बाई, तुमची ड्युटी संपली. मी बदलीवर आले."

आईने वर पाहिलं. बोटं एकेक करून सुटली. "उशीर केलात," ती म्हणाली, आणि उठली. वहिनी तिला मोरीत घेऊन गेली, तिचे कपडे बदलून तिला परत घेऊन आली. तेवढ्या वेळात बहीण आणि भाऊ दाराच्या दोन बाजूंना उभे होते.

"तिच्या गोळ्या?" दादाने विचारलं.

"पिवळी सकाळी. पांढरी रात्री, जेवणानंतर. कुटून दे, नाहीतर गालात धरून ठेवते."

"बरं."

"आणि खिडकीजवळ बसव."

"कुलूप लावणार नाही मी," दादा म्हणाला. बोलल्याशिवाय राहवलं नाही त्याला. 

आई वहिनीच्या मागून दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. काहीतरी राहिल्यासारखं तिने मागे पाहिलं. मग डोक्यावरचा पट्टा काढला, परत आत आली आणि तो चष्मेवालीच्या डोक्यावर चढवला, टोक नीट कानाशी आणून.

"चार्ज घ्या, बाई," ती म्हणाली. "बसा."

चष्मेवाली बसली. खुर्ची ओली होती.

"लाईन सारख्या येतात. कोणी काही सांगितलं तरी जागा सोडू नका."

मग ती गेली. जिन्यातून तिचा आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला, बाहेर अंधार पडल्याबद्दल ती काहीतरी बोलत होती. दादाने बॅग उचलली आणि जाताना दार ओढून घेतलं. कुलूप कोणी लावलं नव्हतं. तरी ती उठली नाही.